खुर्चीचा उजवा हात

डाग निघत नव्हता, की ती तो काढत नव्हती? या प्रश्नाचे उत्तर हे लिहिणाऱ्याला सापडलेले नाही. तिलाही ते देता आले नसते.

गल्लीत तिला रंगमावशी म्हणत. जुन्या चामडी पिशव्या, बूट, कोट यांचा रंग उतरवून ती ते घरीच नव्याने रंगवी. मावशीच्या हाती दिली तर म्हैसही पांढरी होऊन परत येईल, अशी शेजाऱ्यांची थट्टा. धाकटा भाऊ गेल्यावर काही महिन्यांनी भावजयीने त्याची चामडी खुर्ची तिच्याकडे पाठवली. त्या खुर्चीवर भावजयीला आता स्वतः बसायचे होते. फक्त खुर्चीच्या उजव्या हातावरचा काळा डाग तेवढा राहता कामा नये, असा निरोप होता.

तो डाग भावाच्या तळव्याचा होता. मावशीने स्पिरिटच्या बोळ्याने जुना लेप उतरवला, बारीक पॉलिशपेपर फिरवला, फडक्याने तांबूस रंग चढवला. सकाळी पाहते तो तळवा पुन्हा वर आलेला, बोटांसकट. पुन्हा रंग, पुन्हा तळवा. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. कातड्यात मुरलेले तेल आधी खडूच्या पुडीने ओढून काढावे लागते, हे तिने झोपेतही सांगितले असते. तरी पुडीचा डबा फळीवरच राहिला. काम आटोपले की ती त्या तळव्यावर आपला हात ठेवून बसे. लहानपणी रस्ता ओलांडताना धरलेला हात तो हाच. एकदा तो ऊबदार लागला.

भावजय पाहायला आली, ती उंबऱ्याशीच थबकली. मावशीने समजूत घातली, की माणूस गेला, एवढी खूण तरी राहू दे.

"तुम्हाला भाऊ आठवतो, वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला तो हात खुर्चीवरून उठायचा, ते आठवतं."

ऐन उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते म्हणून भावजयीला 'थंडीची राणी' हे नाव मावशीनेच ठेवले होते, आणि सारे घर त्यावर हसत आले होते.

त्याच दुपारी तिने डबा उतरवला. पूड लावली, वाळल्यावर खरवडली, पुन्हा लावली. पिवळी पडलेली पूड निघत राहिली, निघत राहिली.

२००९ सालापर्यंत ती खुर्ची भावजयीच्या खिडकीपाशी होती. भावजय तिच्यावर बसे. मावशी त्या घरी गेली, की जमिनीवर बसे.