चिखलात गेलेला अंगठा

शेणव्याजवळच्या आमच्या वस्तीत कुणाच्याच बापाची जमीन नव्हती. लावणीला दुसऱ्याच्या शेतात जायचं, आणि एकदा शब्द दिला की घरातलं एक माणूस बांधावर हजर झालंच पाहिजे. त्या वर्षी ऐन लावणीत आईची कंबर धरली. घरात उरले मी. मुरबाडच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायचे. वस्तीत माझ्या कामाला ‘एसीतली नोकरी’ म्हणत.

“तू नको जाऊ, तुझी नोकरी हाय,” आई म्हणाली. आणि लगेच, “पन शब्द दिलाय गो.”

सुट्टीचे दोन्ही दिवस मी चिखलात काढले.

सोमवारी कारखान्यात पाय ठेवला तर ऑफिसात नुसती आरडाओरड. फायली उघडत नव्हत्या, त्यांची नावं डोळ्यांदेखत बदलत होती. कुणीतरी बाहेरून नेटवर्कमध्ये शिरलं होतं. माझा पासवर्डही त्याने बदलून टाकला होता. एकच उपाय उरला होता, सर्व्हरच्या खोलीत जाऊन वायरी उपटायच्या. सगळ्या कामाच्या प्रती आतल्याच दुसऱ्या मशीनवर होत्या, निदान त्या तरी वाचल्या असत्या.

खोलीचं दार दोनच अंगठ्यांवर उघडायचं, माझ्या आणि साहेबांच्या. किल्ली चोरीला जाते, अंगठा जात नाही, असं साहेबांचं मत. म्हणून किल्ली बादच केलेली. मी अंगठा ठेवला. लाल दिवा. ओढणीला घासला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला. लाल. चिखलाने आणि खताने बोटांची सालं निघाली होती, रेषा म्हणून काही उरलंच नव्हतं. मेल्या, मीच बसवलंय ना तुला! चारचौघांत मी त्या मशीनला शिव्या घातल्या.

इलेक्ट्रिशियनने मेन स्विच पाडून पाहिला. पण सर्व्हरला आणि दारालाही आतल्या बॅटरीचा आधार होता. चांगली मोठी बॅटरी हवी म्हणून मीच भांडले होते. साहेब घाट उतरून वैशाखऱ्याजवळ अडकलेले. फोन लागला तेव्हा म्हणाले, “दार फोडायचं नाही. मी आल्यावर बघू.”

आत एकेक फाईल जात होती आणि मी दाराबाहेर उभी होते. इतकी लाचार मी कधीच झाले नव्हते.

गेटवरचे वॉचमनकाका आमच्याच वस्तीतले. पहार त्यांच्या खोलीत असायची.

“काका, पहार द्या.”

“नाय गो पोरी. दार फोडू दिलं तर उद्या मलाच घरी बसवतील.”

“आणि मला आजच बसवतील!” मी लाजबीज सोडून रडत होते.

त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. “आवनीला गेलतीस?” लावणीचं एवढंच विचारलं. मग पहार आणली, पण माझ्या हातात दिली नाही. स्वतःच दाराला लावली.

आत शिरून मी दिसेल ती वायर उपटली. उशीर झाला होता. प्रतींचं मशीनही गेलं होतं.

काकांना वॉचमन पुरवणाऱ्या ठेकेदाराने गेटवरून काढलं. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “ज्याच्या हातात इतका अधिकार आहे, त्याने शेतात उतरूच नये.”

“साहेब, शेत आमचं नाही.”

“मग तर सोपंच आहे,” ते म्हणाले. त्यांना खरोखर हायसं वाटलेलं दिसलं. मला त्यांचा फार राग आला.

दार नवं बसलं, मशीन तेच राहिलं. माझ्या जागी कल्याणचा एकजण आला आणि मला बिलांच्या टेबलावर बसवलं. माझा अंगठा मशीनमधून काढायचा होता. तो कसा काढतात हे तिथे फक्त मलाच ठाऊक होतं. साहेबांनी दार उघडून दिलं. मी आत बसून तो काढला, नव्या माणसाचा घातला आणि बाहेर आले. दार मागे आपोआप लागलं. माझी पाण्याची बाटली आतच राहिली होती. ती मागायला मी गेले नाही.