गजानन पुण्याला गेला तर

आमच्या कारखान्यात भीती वाढली की किस्सेही वाढतात. डबा खायला बसलं की कोणीतरी एक काढतंच.

हिंगणा रोडवर आम्ही बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवतो. मी पॅकिंगमध्ये. साचा जरा झिजला की झाकण नीट बसत नाही, आणि साचा दुरुस्त करता येतो एकट्या गजाननला. तो पुण्याला गेला तर आम्ही सगळ्या बाया घरी! दुसरी लाइन अशीच बंद पडली. तिथला कारागीर पुण्याला गेला, आणि त्या लाइनवरच्या बाया आता लोकांची धुणीभांडी करतात.

त्या कारागिराच्या जागेसाठी मालकांनी जाहिरात दिली. एकच जण आला. चहा प्याला, मशीन पाहिली आणि म्हणाला, "तुमची पुण्याले ब्रँच नाही का?"

मग मालक गजाननला म्हणाले, "तूच तयार कर गा कोणाले." त्यानं जीव लावून दोघांना शिकवलं. दोघंही चांगले शिकले बाप्पा. दोघंही पुण्यात आहेत.

आमच्याकडे पेढे आले की समजायचं, कोणाला तरी बाहेर नोकरी लागली. एक दिवस गजानन पेढे घेऊन आला. डबा टेबलावर तसाच. कोणी हात लावेना. शेवटी मीच विचारलं, "कुठी लागलं गा?"

"काय कुठी? बहिणीले पोरगा झाला."

डबा लगेच रिकामा झाला.

उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या फोडताना त्याचं बोट कापलं. मशीन थांबली. मालक स्वतः सक्करदऱ्याला त्याच्या घरी गेले आणि त्याच्या आईला हात जोडून म्हणाले, "काकू, पुढच्या वर्षीपासून लोणचं मी पाठवत जाईन."

आमच्यात शोभाबाई सगळ्यात मोठी. नवरा वारला, पोरगी नर्सिंगला, घर सगळं ह्या पॅकिंगवर. तिनंच उपाय काढला. "त्याचं लग्न इकडच्याच पोरीशी लावा वं. मंग तो कुठी जात नाही."

तिनंच जवळच्या कन्हान गावचं स्थळ आणलं. गजानन, त्याची आई आणि आम्ही दोघी पोरगी पाहायला गेलो. पोरगी आली, पोहे आले. गजाननला ती इतकी आवडली की त्याला पोहेसुद्धा गिळवेनात.

पोरीचे वडील म्हणाले, "एकच सांगा. पोरगा पुण्याले जाणार असन तर आमचा होकार. इथंच राहाचं असन तर माफ करा."

गजाननची मान खाली. त्याची आई शोभाबाईकडे पाहायला लागली. मीपण.

शोभाबाईनं बशी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"जाईल नं, दादा," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यातच जाऊन राहिला."