बन्सीधर आबांचा रविवारचा वर्ग

बन्सीधर आबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी परभणी-जिंतूर रस्त्यावर. रिटायर होऊन झरीजवळच्या आपल्या गावी आले तेव्हा लोक म्हणाले, आता आराम करा. आबांनी आराम केला आणि दोन महिन्यांत त्याला वैतागले. पहाटे पाचला जाग यायची, पण जायचं कुठंच नसायचं.

त्या वर्षी त्यांची नात मनिषा अकरावीला झरीच्या कॉलेजात जायला लागली. वाट पाच किलोमीटरचीच, पण येताना फाट्यावर तासभर ताटकळावं लागायचं. म्हणून तिच्या वडिलांनी, आदिनाथनं, इलेक्ट्रिक स्कूटर आणली. पंचविसाच्या वर न पळणारी, बिनलायसनची.

आबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "चालू हाय का बंद, तेच कळंना. आवाज न्हाई ती कसली गाडी?"

शिकवली मात्र त्यांनीच, शाळेच्या मैदानावर. मनिषा चार दिवसांत शिकली. जरा जास्तच लवकर.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी गावातल्या सरजाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या. मागून मनिषाची गाडी आली. ना चाहूल, ना हॉर्न. अंगाला वारा लागावा तशी ती शेजारून निसटली आणि दचकलेल्या सरजाबाई भाऱ्यासकट चारीत पडल्या. गवतावरच पडल्यामुळं लागलं नाही, पण तोंड असं सुटलं की शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली. मनिषानं पळत जाऊन त्यांना उठवलं, भारा परत डोक्यावर चढवून दिला.

आबा आता किल्ली काढून घेणार, असं धरूनच तिनं संध्याकाळी सगळं सांगितलं.

"हॉर्न वाजवला होतास?"

"न्हाई. रस्ता मोकळाच होता, आबा."

आबांनी स्कूटरचा हॉर्न एकदा वाजवून बघितला. मग म्हणाले, "माझी एसटी लय लांबून ऐकू यायची, तरी मी वाजवायचो. तुझी तर मांजरावानी येती. चूक माझीबी हाय. मी तुला आवाजाच्या गाडीसारखंच शिकवलं."

दोघं सरजाबाईंच्या घरी गेले. मनिषा पाया पडली. सरजाबाईंचा राग एव्हाना ओसरला होता.

"पोरगी पळून न्हाई गेली, तेच लय झालं," त्या म्हणाल्या. "पण बन्सीभाऊ, आमच्या नातीला, सुकेशनीलाबी, तिचा बाप असलीच गाडी घ्यायलाय. तिला तुमीच शिकवा. अन् आधी हॉर्न शिकवा!"

असा रविवारचा वर्ग सुरू झाला. हेल्मेट नसलं की आबा पोरीला आल्या पावली घरी पाठवायचे. पहिल्या धड्याला स्वतः सरजाबाई आल्या. मैदानात पाठ करून चालायच्या आणि हॉर्न ऐकू आला की हात वर करायच्या. गाडी जवळ येईपर्यंत हात वर गेला नाही, तर ती पोर नापास. त्या कामात सरजाबाईंना इतकी गोडी लागली की नातीलाच त्यांनी तीनदा नापास केलं.

आता वर्गात नऊ पोरी आहेत. गेल्या आठवड्यात मनिषा म्हणाली, "आबा, बसा मागं. झरीच्या बाजारला जाऊन येऊ."

उभ्या जन्मात आबा कुणाच्या मागं बसले नव्हते. बसले. पहिल्या वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. मग दोन्ही बाजूंची तूर बघत ते निवांत टेकले आणि झरी येईपर्यंत एकदाही "हळू" म्हणाले नाहीत.