रसाच्या जेवणाला काय न्यावं

माझ्या वडिलांचं दारव्ह्याला बांगड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत येणारं गिऱ्हाईक बांगड्या भरता भरता हमखास विचारायचं, पाहुणे म्हणून अमक्याकडे चाललो, काय न्यावं? वडील सांगायच्या आधी स्वतःच विचारत बसायचे. घरात बाया किती, सून नवी की जुनी, घरधनीण हातानं काम करणारी की बसून सांगणारी. मला वाटायचं, हे माणसाला नुसते बोलण्यात गुंतवतात. पण लग्न होऊन घाटंजीला संसार मांडला तेव्हा कळलं की ती खोड माझ्यातही आली आहे. कोणाकडे जायचं ठरलं की त्या घरात काय चालतं, हे जाणून घेतल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. माझे यजमान शाळेत मास्तर. त्यांच्याच शाळेत त्यांचे एक मित्र होते, त्यांचं घर घाटंजीपासून दोन कोसांवरच्या खेड्यात. मोठी शेती, कपाशी-तुरीचं रान, विहिरीवर तेलाचं इंजिन आणि स्वतःची आमराई. दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे रसाचं जेवण असायचं. त्या वर्षी आम्हा दोघांनाही बोलावणं आलं.

मी यजमानांना विचारलं, काय न्यायचं? ते म्हणाले, नारळ ने. मी म्हटलं, त्यांच्याकडे कोण कोण आहे? म्हणाले, मित्राची आई आहे, बायको आहे. आई कशी आहे? चांगली आहे. करते काय दिवसभर? यावर ते पेपर वाचायला लागले. सहा वर्षं त्या घरी जेवत होते, पण त्यांना एवढंच सांगता आलं की वरण चांगलं असतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान मिस्त्री राहायचे. कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं आणि आसपासच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या बायकोला मी आपा म्हणायची. तिला सहज बोलले तर तिनं नवऱ्यालाच हाक मारली. त्याच महिन्यात मिस्त्री त्या घरच्या ओसरीपुढे दोन दिवस इंजिन खोलून बसले होते.

मिस्त्री कमी बोलणारे. पण यंत्राची खोट शोधणाऱ्या माणसाची नजर घरातही तशीच फिरते, हे मला त्या दिवशी समजलं. ते म्हणाले, घर भरलेलं आहे, कशाचीच कमी नाही. मग म्हणाले, "मावशीले जवळचं दिसत नाही, भाभी. कोनाले सांगत नाही ते."

हे कसं कळलं, ते त्यांनी सांगितलं. मित्राची म्हातारी आई ओसरीवर शिवत बसली होती. तिनं गड्याच्या पोरीला सुई ओवायला दिली आणि म्हणाली, दोरा खराब निघाला. थोड्या वेळानं पुन्हा दिली, तेव्हा म्हणाली, ऊन डोळ्यावर येतं. तिसऱ्यांदा पोरगी जवळ नव्हती, तर शिवणच गुंडाळून ठेवलं. इंजिनाचा एक बारीक स्क्रू तिच्या पायाशी पडला होता. तो तिनं उचलून दिला, पण जमीन चाचपून.

मला त्यानंतर दुसरं काही सुचेना. घाटंजीच्या बाजारात एक चष्मेवाला फडकं अंथरून बसायचा. काळ्या काड्यांचे तयार चष्मे, एक फुटका आरसा, आणि पारखायला पंचांगाचं पान. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सुई आणि दोरा. मी त्याच्यापुढे बसले आणि म्हटलं, चष्मा जिला पाहिजे ती इथे नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. दूरचं दिसतं का, त्यानं विचारलं. लेकरं किती मोठी आहेत, केस किती पिकले, तांदूळ निवडताना सूप लांब धरते की जवळ? शेवटचं मला माहीत नव्हतं. त्यानं दोन चष्मे काढून दिले, जो बसणार नाही तो पुढच्या बाजारी आणून दे म्हणाला.

यजमानांनी ते चष्मे पाहिले आणि कपाळाला हात लावला. ज्यांनी जेवायला बोलावलं त्यांना जाऊन सांगायचं की तुम्हाला दिसत नाही? त्यांचं चुकीचं नव्हतं. त्या काळी खेड्यात बाईनं चष्मा लावणं म्हणजे हसण्याचा विषय. शेवटी मी वरून दिसेल असा नारळ आणि एक खण घेतला, आणि चष्मे रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवले. द्यायचे की नाही, ते तिथे जाऊन ठरवू म्हटलं.

मित्रानं सकाळीच बैलांची दमणी पाठवली होती. पोचलो तर ओसरीवर पंधरा-वीस माणसं, माजघरात तेवढ्याच बाया. म्हातारी स्वयंपाकघरात पाटावर बसून सगळ्यांना कामं सांगत होती. उंच, हाडापेरानं मोठी बाई. कमरेला चाव्यांचा जुडगा. तिच्या सरगुंड्यांचं नाव पंचक्रोशीत होतं. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळून वाळवायची आणि उकडून रसाबरोबर वाढायची. मी पाहिलं, तिची बोटं काडीवर भराभर फिरत होती आणि ती भलतीकडेच बघत होती. कोणालाही वाटावं, किती सराव! मला मात्र दुसरंच दिसायला लागलं होतं.

तिच्या सुनेला सातवा महिना होता. सासूनं निवडलेल्या तांदळाचं सूप ती घेऊन गेली आणि परसात उन्हाकडे पाठ करून उभी राहिली. काय करते ते मला नीट कळलं नाही.

रस कमी पडणार असं दिसलं तेव्हा म्हातारी आंबे काढायला उठली. पिशवीतला रुमाल कमरेला खोचून मी टोपली धरायला मागे गेले. आढीच्या खोलीत तणसात आंबे मांडलेले. ती एकेक नाकाशी नेऊन, अंगठ्यानं दाबून टोपलीत टाकत होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी रुमाल सोडला आणि तिच्या हातात चष्मा दिला.

तिनं तो चाचपला. काय आहे ते तिला लगेच कळलं.

"कोनं सांगतलं तुले?"

"मिस्त्रीनं. नावं नाही ठेवली त्यानं, मावशी. सुईची गोष्ट सांगतली."

मला वाटलं, आता ही मला हाकलून देईल. पण तिनं दाराकडे पाहिलं, तिकडे पाठ केली आणि चष्मा लावला. तो जमला नाही. मी दुसरा दिला. तो लावून तिनं हातातला आंबा डोळ्यांपुढे धरला आणि पुष्कळ वेळ तसाच धरून राहिली.

"याच्यावर एवढे ठिपके असतेत?" असं ती मला नाही, आंब्यालाच विचारल्यासारखी बोलली. मग तिनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले, मनगटावरचं गोंदण पाहिलं, माझ्या लुगड्याचा काठ ओढून त्याची वीण पाहिली. लहान पोराला नवं खेळणं मिळावं तशी ती एकेक वस्तू उचलत होती. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

"मालक गेले तवापासून या घरातलं सारं मीच पाह्यतो," ती म्हणाली. "डोये गेले म्हनलं की चाब्या मांगतीन. सून वाईट नाही माही. पन चाबी गेली की आपल्याच घरी मानूस पाहुना होते, पोरी."

मी दोन्ही चष्मे पुन्हा रुमालात बांधले. जेवणं झाली, रस गोड होता. निघताना तिनं सगळ्यांसारखाच मलाही टोपलीभर आंबा दिला, ओटी भरली, तोंडावर काही दिसू दिलं नाही. वाटेत यजमानांनी विचारलं, दिलास का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं केलंस.

न बसणारा चष्मा मी पुढच्या बाजारी परत केला. दुसरा करावा की न करावा, असं करत घरीच राहिला. त्याच दिवशी दुपारी दारात म्हातारी उभी. बाजाराचं निमित्त करून आली होती. पाणी प्याली आणि विचारलं, "हाये काय ते, का देऊन टाकलं?"

मी चष्मा आणून दिला. तिनं पिशवीतून लाल कापड काढलं, सुई काढली आणि खिडकीपाशी बसून पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. तेव्हा मला कळलं की ओसरीवर ती काय शिवत होती. येणाऱ्या नातवंडाची कुंची. त्यांच्या घरी पहिल्या लेकराची कुंची आजीनंच शिवायची असा रिवाज होता, आणि दोन महिने ती अर्धी राहिली होती.

मग दर बाजाराला ती येऊ लागली. बाकीच्यांनी बाजार करायचा, तिनं आमच्या खिडकीपाशी बसायचं. चष्मा माझ्या पेटीत राहायचा. आपाही येऊन बसायची. म्हातारी आपाच्या हातचं पाणी घ्यायची नाही, आपाला ते ठाऊक होतं, ती कधी द्यायचीही नाही. पण कुंचीच्या काठाला काय लावावं यावरून दोघींचा वाद चालायचा. एकदा आपानं स्वतःच्या लग्नातल्या ओढणीचा जरीचा गोटा उसवून आणला. म्हातारीनं तो चष्म्यातून निरखून पाहिला, आपाला त्याच्या विणीबद्दल किती तरी विचारलं आणि काठाला लावला. मीही तिच्याजवळ बसून टीप घालायला शिकले. तिला सगळ्याचंच नवल होतं. माझ्या यजमानांचं पुस्तक उघडून ती विचारायची, या मुंग्यांतून तुम्ही आवाज कसा काढता?

पोळ्यानंतर मुलगी झाली. बारशाला सगळ्या बायांच्या हातातून कुंची फिरली. टाके पाहून एक जण म्हणाली, या वयात एवढं बारीक! म्हातारीनं कुंची तिच्या हातातून घेऊन लेकराला घातली. मी घुगऱ्या वाटायला उठले.

हिवाळ्यात एका बाजाराला सून लेकराला घेऊन घाटंजीला आली. पोरीला काही झालं होतं, डॉक्टरला दाखवायचं होतं. सासू आमच्याकडे असते एवढं तिला माहीत होतं, म्हणून ती तडक आत आली. म्हातारी नाकावर चष्मा ठेवून झबल्याला काज करत बसली होती. तिला चष्मा काढायलाही वेळ मिळाला नाही. मी उठले, पुन्हा बसले.

सुनेनं लेकरू सासूच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसली.

"घरी घेऊन चला नं ते," ती म्हणाली. "इथं उजेड कमी हाये."

म्हातारीनं विचारलं, "कवापासून माईत हाये तुले?"

दोन वर्षं झाली, असं सुनेनं सांगितलं. दोन वर्षं ती सासूचे तांदूळ मागल्या अंगणात नेऊन पुन्हा निवडत होती. सासूला वाईट वाटू नये म्हणून कोणाला बोलली नव्हती, नवऱ्यालाही नाही. म्हातारीनं ते ऐकून घेतलं. मग कमरेच्या चाव्या काढून पुढे ठेवल्या. सुनेनं त्या पाहिल्या आणि म्हणाली, मला लेकरू सांभाळून वर कोठी कुठे सांभाळायला लावता, ठेवा तुमच्याजवळच. म्हातारी हसली, का रडली, कोणास ठाऊक. चष्म्याच्या काचांवर उजेड पडला होता, मला डोळे दिसले नाहीत.

त्या दिवशी चष्मा तिच्याबरोबर गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्रींच्या मोठ्या मुलीचा निकाह ठरला. म्हातारीलाही बोलावणं गेलं. आठ दिवस आधी ती आली आणि मला म्हणाली, तिथं काय नेऊ? मी म्हटलं, लुगडं न्या, भांडं न्या. ती म्हणाली, ते सारेच नेतीन. मग आपाच्या अंगणात गेली, चहूकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं, आणि काही न सांगता निघून गेली.

निकाहच्या सकाळी तिची बैलगाडी आली, जांभळीच्या हिरव्या फांद्यांनी वरपर्यंत भरलेली. आपाच्या अंगणात झाड नव्हतं, मांडवावर नुसती चादर बांधलेली होती, आणि ऊन आठ वाजताच चटकत होतं. गड्यांनी तासाभरात सगळा मांडव शाकारला. मिस्त्री खाली उभे राहून वर बघत होते. आम्हा हिंदू पाहुण्यांसाठी त्यांनी वेगळा आचारी लावून वेगळा स्वयंपाक केला होता, तोही त्या सावलीतच वाढला. म्हातारी आपाच्या जवळ बसून नवरीच्या ओढणीवरचा जर पाहत होती, हे कसं भरतात ते विचारत होती, आणि आपा तिला बोटानं टाका दाखवत होती.