गव्हर्नरची बाजू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका भित्रा माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका वादाला उतावीळ माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडणार नाही. ही दोन्ही माणसं एकाच अंगात कशी नांदतात, हे कोडं मला अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला आल्यापासून पडलेलं होतं. काका या देशात आले तेव्हा मी पुण्यात बालवाडीत नाक पुसत होते. इंजिनिअर म्हणून आले, नोकरी केली, एक मुलगी वाढवली, निवृत्त झाले, काकू गेल्या, पण या देशावर त्यांचा विश्वास काही बसला नाही. आपण राहतो ती जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे असं कोणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा बागेसकटचं सुरेख घर विकून त्यांनी हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी दारामागच्या खुंटीला. "पाणी आलं की शोधाशोध नको," म्हणायचे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला गावभर धोक्याचा भोंगा वाजायचा. तो चाचणीचा असतो हे इथल्या पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक, पण काका दर वेळी जिना उतरून आमच्या दारात हजर. "चाचणीचाच ना गं?" मी मीटिंगमध्ये असले तरी मान हलवून हो म्हणायचं, मगच ते वर जायचे. इथले फॅमिली डॉक्टर तर तुम्हाला माहीतच असतील, पाय मोडला तरी पॅरासिटामॉल घ्या म्हणतात. आम्ही सगळे त्यावरून त्यांना शिव्या घालतो. काकांना मात्र त्याचाच आधार. एकदा डॉक्टरीणबाईंनी पॅरासिटामॉल न सांगता रक्त तपासून घ्या म्हटलं, तर हे घरी येऊन मला कपाटाच्या किल्ल्या द्यायला लागले. "पॅरासिटामॉल नाही म्हणाली ती. काय समजायचं ते समज." रक्तात काहीही निघालं नाही.

आणि हाच माणूस चारचौघांत बसला की त्याचा वाघ व्हायचा. कॉलेजात असताना काकांनी वादविवाद स्पर्धा गाजवल्या होत्या म्हणे. तेव्हापासून एक खोड जडली ती जडलीच. बहुमत जिकडे असेल त्याच्या बरोबर उलट उभं राहायचं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला कोणीतरी सहज म्हणालं, "उकडीचा मोदक तो उकडीचाच," झालं! काकांनी तळणीच्या मोदकाची बाजू घेतली आणि ती इतकी लावून धरली की ताटातले उकडीचे मोदक गार होऊन दगड झाले. एकाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जाऊन, यजमानाच्या हातात किल्ली असताना, घर विकत घेणं हा कसा शुद्ध मूर्खपणा आहे, हे त्यांनी मुद्देसूद पटवून दिलं होतं. यजमानाची बायको रडवेली झाली. गंमत म्हणजे घरी परतल्यावर काकांना भीती वाटायला लागली. "मनाला लावून घेतलं असेल का गं त्यांनी? तू फोन करून बघतेस का? मी केला तर उचलायचे नाहीत." भांडायचं त्यांनी आणि फोन करायचे मी, हे आमचं ठरूनच गेलं होतं.

मग कधीतरी आमच्या गप्पांत तो गव्हर्नर शिरला. अमेरिकेतल्या एका राज्याचा. काकांनी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा आम्हाला वाटलं, गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल. फिती कापणार, पदव्या वाटणार आणि सरकार डळमळलं की पेपरात दिसणार. "छे, छे! तिकडे गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्रीच समजा," काकांनी सांगितलं. तर या गव्हर्नरने शाळांचं फार मनावर घेतलं होतं. वर्गात काय बोलायचं आणि काय नाही, कुठल्या इतिहासाने मुलांना अपराधी वाटता कामा नये, वर्गातल्या कपाटात कुठलं पुस्तक राहील आणि कुठलं जाईल, सगळ्याचे कायदे. एखादा धडा आईबापांना खटकला तर शिक्षकाविरुद्ध तक्रार करायची सोय. आम्ही सगळे एकजात गव्हर्नरच्या विरोधात, त्यामुळे काका कुठे उभे राहणार ते सांगायलाच नको. "मूल कुणाचं? आईबापांचं की शाळेचं? उद्या तुझ्या रेवाला शाळेत असं काही शिकवलं जे तुला पटत नाही, तर तू गप्प बसशील?" मी मागच्याच वसंतात रेवाच्या डच शाळेत शरीराविषयीचे धडे कशाला इतक्या लवकर, म्हणून बाईंना विचारायला गेले होते. माझा नवरा गालातल्या गालात हसत होता, त्याच्याकडे मी नंतर बघितलं.

पुढे पुढे ते असह्य व्हायला लागलं. वाढदिवस असो, डोहाळजेवण असो, काकांचा गव्हर्नर पानात वाढलेला असायचाच. त्यात एक नवीन खोड. कोणी सडेतोड उत्तर दिलं की काका चिडण्याऐवजी पुढे सरकायचे. टिलबर्गला पीएचडी करणारी एक मुलगी एकदा भडकून म्हणाली, "अहो, इतिहास शिकून मुलांना वाईट वाटलं तर वाटू दे ना, वाईट वाटणं म्हणजे शिक्षा नव्हे!" त्यावर काका म्हणाले, "परत म्हण. सावकाश म्हण." तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. तिने पुन्हा ओरडून सांगितलं. लोक हळूहळू त्यांना टाळायला लागले. एका घरातून आम्हाला सांगावा आला, "तुम्ही या, पण काकांना कळवू नका." आणि खरं सांगायचं तर मलाही त्या विषयाची धास्ती वाटायची. इथेही निवडणुका आल्या की बाहेरून आलेल्यांवर बोलणं वाढतं. ऑफिसात कोणी तसं बोललं की आम्ही परवान्यावर राहणारी माणसं हसून कॉफी आणायला उठतो. जे आपण रोज गिळतो ते हा माणूस ताटात वाढून का ठेवतो, असं व्हायचं.

एका रविवारी सकाळी ते पोहे खायला आले आणि बसल्या बसल्या सुरू झाले. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी झारा आपटला आणि म्हटलं, "काका, तुमचा गव्हर्नर गेला खड्ड्यात! माझ्या घरात पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही." नवरा म्हणाला, "अगं, हळू." काका मात्र पुढे सरकले. "असं खड्ड्यात गेला म्हणून चालणार नाही. नीट उत्तर दे. समज मी पालक आहे. माझी पोरगी शाळेतून रडत घरी आलीय. काय सांगशील मला?" बशी त्यांच्या हातात होती आणि तिच्यातला चमचा वाजत होता. मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "काका, काय झालंय?"

तेव्हा कुठे कळलं. काकांची मुलगी केतकी त्याच राज्यात हायस्कुलात इतिहास शिकवते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. अमेरिकेत असते, एवढंच काका सांगायचे, आणि कोणी जास्त विचारलं तर वाद उकरून काढायचे. केतकी इथे अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये वाढलेली. तिने वर्गात गुलामांच्या व्यापाराचा धडा घेताना सांगितलं की माणसं भरून नेणाऱ्या जहाजांत हॉलंडचीही जहाजं होती. एका पोराने विचारलं, "आणि तुमच्या घरच्यांनी काय केलं?" तर ही म्हणाली, माझ्या पणजोबांच्या कोकणातल्या घरी काम करायला येणाऱ्यांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्हीही घरी विचारून बघा, आपल्याकडे काय होतं. मुलांनी घरी जाऊन विचारलं, आणि एका घरातून तक्रार आली. या बाई मुलांना आपल्याच आजोबा-पणजोबांची लाज वाटायला शिकवतात. चौकशी सुरू झाली. येत्या गुरुवारी मुख्याध्यापकांसमोर त्या आईबापांशी तिची गाठ होती. "नोकरी गेली की तिथला परवाना गेला. नवऱ्याचाही तिच्यावरच आहे. मांडीवर दीड वर्षाचं पोर. आणि तिला उलट बोलायची सवय, माझ्यावर गेलीय," काका म्हणाले. मग बशी खाली ठेवून, "तुम्ही सगळे जे जे म्हणायचात ना, ते मी तिला रोज फोनवर सांगायचो. ही उत्तरं पाठ कर म्हणायचो."

म्हणजे इतके महिने आम्ही त्या गव्हर्नरला तावातावाने झोडपत होतो, आणि हा माणूस एकेक टोला वेचून मुलीला पोचवत होता. आणि आम्ही त्यांना जेवायला बोलावणं बंद केलं होतं! मला इतकं भरून आलं की मी उगाचच त्यांना आणखी पोहे वाढले. "आज दुपारी तिच्याकडे सकाळ झाली की रंगीत तालीम करायचीय. तू बस माझ्याबरोबर," ते म्हणाले. "मला एकट्याला भीती वाटते."

दुपारी त्यांच्या टेबलावर साखरेच्या बरणीला फोन टेकवून ठेवला. पडद्यावर केतकी, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर पोर. काका मुलीशी कायम मराठीत बोलतात आणि ती डचमध्ये उत्तरं देते, पण त्या दिवशी दोघांनी इंग्लिश धरलं, कारण गुरुवारी तेच चालणार होतं. काका तक्रार करणारा बाप झाले. आणि काय सांगू, भोंग्याला घाबरून जिना उतरणारा माणूस तो हा नव्हेच. आवाज खाली, एकेक शब्द तोलून. "बाई, तुम्ही माझ्या मुलीला जेमतेम वर्षभर ओळखता. मी तिला जन्मापासून ओळखतो. तिला काय झेपेल, हे ठरवणारे तुम्ही कोण?" केतकी म्हणाली, "मी तुमच्या घराबद्दल काहीच बोलले नाही. मी माझ्या घराबद्दल बोलले." "का बोललात? कुणी विचारलं म्हणून सगळंच सांगायचं असतं?" "मला सांगितलं होतं म्हणून. मी दहा वर्षांची असताना." "कुणी?"

केतकीने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तू सांगितलंस, बाबा. आणि मला लाज नाही वाटली. मला वाटलं, माझा बाबा माझ्याशी खोटं बोलत नाही." मला वाटलं, संपली तालीम, जिंकली पोरगी. मी टाळी वाजवायच्याच बेतात होते. तेवढ्यात तिने विचारलं, "की सांगायला नको होतंस?"

"नको होतं," काका म्हणाले. इतका वेळ इंग्लिशमधून भांडणारा माणूस हे मात्र मराठीत बोलला. "नको होतं सांगायला. चुकलंच माझं. सांगितलं नसतं तर आज तू सुखात असतीस." केतकी पडद्यातून त्यांच्याकडे बघत राहिली. मग "ओके, बाबा," म्हणाली, आणि पोराला भूक लागलीय म्हणून उठून गेली.

गुरुवारी ते जेवणं आटोपल्या आटोपल्या खाली आले. आम्ही दोघंही त्या दिवशी घरूनच काम करत होतो. त्यांनी चहा घेतला नाही, नवऱ्याने मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलून बघितलं तरी वाद घातला नाही, नुसते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. संध्याकाळ व्हायच्या सुमारास फोन वाजला. त्यांना उचलता येईना, मीच उचलून स्पीकर लावला. केतकी डचमध्ये बोलत होती, शांतपणे, जरा जास्तच शांतपणे. सगळं नीट पार पडलं. तिने एकही मुद्दा मांडला नाही. माझ्याकडून चूक झाली म्हणाली, यापुढे वर्गात माझ्या घरचं किंवा कुणाच्याच घरचं काही बोलणार नाही, पुस्तकात असेल तेवढंच शिकवीन. आईबापांनी हात मिळवला. मुख्याध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तक्रार मिटली. काकांनी फक्त, "जेवलीस का?" एवढं विचारलं, आणि फोन ठेवला.

मी तर उड्याच मारल्या. फ्रिजमधली बर्फी काढली, देवापुढे ठेवायचंही सुचलं नाही, तशीच त्यांच्यापुढे धरली. "अहो काका, नोकरी वाचली! घ्या, तोंड गोड करा." त्यांनी बर्फी हातात घेतली आणि तशीच धरून बसले.

"लहानपणी थंडीत टोपी घाल म्हटलं की जिन्यातच काढून टाकायची," ते म्हणाले. "सायकल सावकाश चालव म्हटलं की दोन्ही हात सोडून माझ्याकडे बघून हसायची. मला किती भीती वाटायची, तुला सांगतो. इतक्या लांब जाऊ नकोस म्हटलं, गेली. शिक्षकाच्या नोकरीत काय ठेवलंय म्हटलं, तीच धरली. घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचो, पण या पोरीने जन्मात कधी माझं ऐकलं नाही."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

"आज ऐकलं गं तिनं."