बिनसेलचा दिवा

काकू रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायच्या आणि संध्याकाळच्या ड्यूटीला सायकलनं जायच्या. सायकलला सेलचा दिवा होता, पण त्यातले सेल म्हणजे सगळ्या घराची मालमत्ता. कधी ते टीव्हीच्या रिमोटमध्ये जायचे, कधी भिंतीवरच्या घड्याळात. परवा तर नवऱ्यानं ते नातीच्या बोलक्या बदकात घातले. परतताना दिवा लागला नाही आणि काकू थेट उभ्या हातगाडीवर जाऊन आदळल्या.

त्यांच्या गुडघ्याला मलम लावता लावता नवऱ्यानं निकाल दिला, "ही ड्यूटी सोड आता. अंधारात सायकल चालवायचं वय राहिलंय का तुझं?"

"मला वयानं नाही पाडलं. तुमच्या बदकानं पाडलं."

दुसऱ्या दिवशी काकू लंगडतच सायकलच्या दुकानात गेल्या आणि बिनसेलचा दिवा मागितला. दुकानदारानं आधी चाकाच्या तारांना लावलेल्या चुंबकांवर लागणारे दिवे दाखवले. चालवायला हलके, पण उजेड बेताचा. मग त्यानं टायरला घासून फिरणारा, बाटलीएवढा डायनॅमो काढला.

"उजेड झकास पडतो काकू, पण सायकल जड जाते. पाय भरून येतील."

"अरे, घरातली चार माणसं ओढते मी. त्यात ही बाटली काय जड होणार? बसव."

घरी नवऱ्यानं नवा दिवा चारी बाजूंनी चाचपला.

"यात सेल कुठे घालतात गं?"

"घालतच नाहीत. मी पाय मारले की लागतो."

नवरा फाटकात येऊन उभा राहिला. "मग ड्यूटीचं काय ठरलं?"

"उशीर होतोय ड्यूटीला. फाटकातून जरा बाजूला व्हा."