नदीवर थांबलेली गाडी

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणायचे. चैत्र सरत आला की गावातल्या सगळ्या सासुरवाशिणींचे कान रस्त्याकडे लागत. माझेही लागत. पण सासरी आल्यावर सहाव्या वर्षापासून लागोपाठ तीन आखाज्या मी माहेराचे तोंड पाहिले नाही. कारण आमच्या घरात आणखी एक बाई मुराळ्याची वाट पाहत बसलेली असे, आणि ती बारा महिने बसे.

ती माझी सासू. मी तिला आत्याबाई म्हणत असे. साक्रीच्या अलीकडे, पांझरेपासून हाकेच्या अंतरावर आमचे घर. आत्याबाई मोठ्या कर्तबगार, हात चालला की तोंडही चालायचे. नवी सून म्हणून आले तेव्हा माझी भाकरी पाहून त्यांनी शेजारणीला बोलावून दाखवली होती. त्याच बाईने एके दिवशी पिठात तीनदा मीठ घातले. मग हातातल्या पाटल्या स्वतःच कोठीत लपवून माझ्यावर आळ घेतला. मग मला ओळखेनाशा झाल्या. वैद्य म्हणाले वात आहे, शेजारणी म्हणाल्या बाहेरचे आहे. काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि नाव कळून मला काय करायचे होते? उठवणे, धुणे, भरवणे, शोधून आणणे तेच राहिले असते.

सकाळी उठले की त्या लुगडे, फणी आणि उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधायच्या आणि ओट्यावर जाऊन बसायच्या. दर घटकेला भाऊ आल्याची चौकशी करायच्या, "मना भाऊ उना का व?"

त्यांचा भाऊ वारून दहा वर्षे झाली होती. सुरुवातीला मी ऐकून न ऐकल्यासारखे करत असे. पण त्या पहिल्या आखाजीला माझा भाऊ न्यायला आला आणि घरधन्यांनी त्याला हात हलवत परत पाठवले. "तू गेलीस तर मायला कोण पाहील?" एवढेच म्हणाले. खोटे नव्हते. लहान पोराला घेऊन नणंद माहेरपणाला आली होती, ती आईने ओळखले नाही म्हणून दिवसभर रडत होती. मी पितरांची घागर भरत होते. नव्या मातीच्या घागरीवर आंबा आणि गोड सांजोरी ठेवत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "मना भाऊ उना का व?"

माझे डोके फिरले. म्हणाले, "तुमना भाऊ मरीसन दहा साल व्हयनात. त्याचीही घागर भरली असेल आज तिकडे."

आत्याबाई खाली बसल्या आणि त्यांनी गळा काढला. त्यांच्या लेखी त्या हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. कपाळ बडवून घेतले, भावाचे गुण आठवून आठवून रडल्या. तासाभराने उठून तोंड धुतले, गाठोडे उचलले आणि ओट्यावर गेल्या. दुपारी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले, कारण माझा राग उतरला नव्हता. दिवस मावळायला पुन्हा. एका दिवसात त्यांचा भाऊ तीनदा मेला, आणि तिन्ही वेळा मी मारला. त्याची लाज मला आज लिहितानाही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मी खोटे बोलायला शिकले. वैशाखात पांझरेला पाणी ते काय, पण वाटेवर एक डोह असे, गाडीवाले तिथे बैल सोडत. मी म्हणायचे, "गाडी नदीवर शे. बैल पानी पी राह्यनात. ई आते." गाडी येईलच आता, एवढे ऐकून आत्याबाईंचा चेहरा निवायचा. बैलांना पाणी हवेच, हे त्यांना अजून समजत होते. पुढली तीन वर्षे ते बैल त्या डोहावर पाणी पीत राहिले.

लोक म्हणत, सून असावी तर अशी. लोकांचे काय जाते म्हणायला. एकदा त्या न्हाणीतून तशाच बाहेर पळाल्या तेव्हा मी त्यांचा दंड इतका आवळला की चार बोटांचे वळ उठले. समोरच्या शेजारणीने ते पाहिले. तेव्हापासून रोज धुणे घेऊन निघायच्या वेळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसू लागली. "जा तू, घाई करू नको," म्हणायची. कपडे धुवून झाले की मी नदीत पाय सोडून थोडा वेळ नुसती बसत असे. त्या थोड्या वेळावर मी जगले.

चौथ्या आखाजीला माझा भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा उतरलाच नाही. गाडीच्या धुरेवर बसूनच म्हणाला, "मायचे पाय सुजलेत. एकदा लेक दाखवा म्हणते." घरधनी गोठ्याच्या दारात उभे होते, मी उंबऱ्यात. आणि ओट्यावरून आत्याबाई उठल्या. हातात गाठोडे होतेच. "उना, मना भाऊ उना," म्हणत त्या चाकावर पाय देऊन वर चढल्या आणि गाडीत मांडी घालून बसल्या. इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"माय, उतर. हाई तुनी गाडी नही," घरधन्यांनी हात धरला. आत्याबाईंनी गाडीचा दांडा घट्ट पकडला आणि लहान मुलीसारख्या रडू लागल्या. सुनेच्या माहेरी सासू आखाजीला गेली, असे कोणी कधी ऐकले आहे का? गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी म्हणाले, "त्याही येतील. मी नेते." घरधन्यांनी दांड्यावरची बोटे सोडवायचे थांबवले. तोंड फिरवून म्हणाले, "जा." त्या माणसाला रडताना मी तेव्हाच पाहिले.

माहेरी पोचलो तेव्हा आई भिंतीला धरून दारात आली. लेकीच्या पायावर पाणी घालून भाकरतुकडा ओवाळायची रीत. आत्याबाई माझ्या आधी उतरून पाय पुढे करून उभ्या राहिल्या. आईपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, पण आईला म्हणाल्या, "माय." भाऊ काही समजावायला गेला तर आईने त्याला गप्प केले. "आखाजीले उनी ती लेकच शे," म्हणाली, आणि आधी त्यांच्या पायावर पाणी घातले.

मी चार दिवस होते. काय केले? झोपले. पहिल्या दुपारी जरा पाठ टेकली ती दिवेलागणीला उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. मध्येच डोळा उघडला की दिसे, आई सुजलेले पाय पसरून बसली आहे, पुढ्यात आत्याबाई, आणि आई त्यांच्या पांढऱ्या केसांना तेल लावते आहे. लिंबाच्या झोक्यावरही तिने त्यांनाच बसवले. तिसऱ्या दिवशी मी रुसून म्हणाले, "पोर मी तुझी, आणि तेल त्यांना?"

आई हसली. "तू नीज. तुना डोकाले तेल पुढला साल लाई दिसू."

मी पुन्हा झोपले. इतके बोलायचे साठले होते, त्यातले एक वाक्य मी तिच्याशी बोलले नाही. ती माझी रखवाली करत होती, हे मला नंतर उमगले. निघताना आत्याबाईंच्या गाठोड्यात तिने गुळाच्या सांजोऱ्या बांधल्या. तेव्हा महायुद्ध चालू होते, साखर मिळत नव्हती. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, थोडी भरलीस.

दिवाळीच्या मागे-पुढे आई गेली. निरोप आला तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. पोचून करणार काय? निरोप्याला पाणी दिले, तो गेला, आणि मी चुलीपुढे बसले. भाकरी तव्यावर करपली. मी आवाज न करता रडत होते, कारण आवाज झाला की आत्याबाई घाबरत.

त्या तरीही आल्या. आता त्यांचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते. दोन दिवसांत तोंडातून शब्द निघाला नव्हता. दारात उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग शेजारी टेकल्या आणि आपल्या पदराने माझे तोंड पुसू लागल्या.

"मनी माय गयी," मी म्हणाले.

"रडू नको व बाई," त्या म्हणाल्या. "गाडी नदीवर शे. बैल पानी पी राह्यनात. ई आते."

त्यांनी माझा हात धरून मला उठवले आणि ओट्यावर नेले. गाठोडे दोघींच्या मध्ये ठेवले. मी तवा उतरवायला परत गेले नाही. दिवस बुडेपर्यंत आम्ही दोघी रस्त्याकडे पाहत बसलो.